सुरीविना मांस आणि गळ्यातली माळ



शके १९४६ च्या, म्हणजे इसवी सन २०२४ च्या आषाढी वारीत वेळापूरच्या मुक्कामी आमच्या हातून एक चूक घडली. ती आधी सांगावी आणि मग विषयास हात घालावा, असे मनाशी धरले आहे. कीर्तनकाराने लोकांच्या चुका चव्हाट्यावर मांडाव्या आणि आपल्या तेवढ्या उपरण्याखाली झाकाव्या, हे आमच्या वयास शोभत नाही.

समाजआरती होऊन मंडळी आपापल्या राहुट्यांत परतली होती. पंगत उठली होती. बाहेर पावसाची बुरबुर चालू. एवढ्यात एक तिशीतला तरुण आत आला आणि पाया पडून कोपऱ्यात बसला. ओळख पटायला वेळ लागला. आमच्याच दिंडीतल्या एका जुन्या विणेकऱ्याचा हा नातू. आजोबांचे बोट धरून वारीस येई तेव्हा आठ वर्षांचा असता त्याच्या गळ्यात माळ आम्हीच घातली होती. पुढे शिकला, संगणकाच्या कामावर सिंगापुरास गेला. गेली दोन वर्षे वारीत दिसला नव्हता. त्याने खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली आणि उलगडून आमच्या पुढे ठेवली. आत ती माळ होती.

"महाराज, ही गळ्यात ठेववत नाही आणि टाकवतही नाही."

मग सांगू लागला. २०२२ साली कचेरीतल्या मित्रांबरोबर तो जेवायला गेला. ताटात कोंबडीच्या मांसाचे तुकडे आले. मित्र म्हणाले, "अरे, हे मांस खरे, पण कोंबडी कोणी मारलेली नाही. कारखान्यात टाकीत वाढवले आहे. आता तुझ्या देवाला रागवायला जागाच नाही." चौघे हसले. ह्याच्या मनाने घेतले, जीव गेला नाही तर दोष तरी कोणता? एक घास घेतला. रात्री हरिपाठास बसला तर तोंडातून शब्द फुटेना. त्याने माळ काढून ठेवली.

"पाप झालं की नाही झालं, एवढंच सांगा."

आम्ही दिवसभराच्या चालीने शिणलो होतो. खरे म्हणजे तो काय सांगतो आहे ते आम्हांस नीट कळलेही नव्हते. आम्ही म्हणालो, "अभक्ष्य ते अभक्ष्य. त्यात विचारायचं काय?" आणि कुशीवर वळलो. पोरगा थोडा वेळ तसाच बसला, त्याने पुरचुंडी बांधली आणि उठून गेला. पहाटे तिसरा कर्णा झाला तेव्हा शोधले, तर दिंडीत नव्हता.

पाठशाळेत आमचे गुरुजी सांगत, प्रतिपक्षाचे म्हणणे असे मांडावे की त्याने स्वतः मान डोलवून म्हणावे, होय, हेच मला म्हणायचे होते. मग उत्तरास तोंड उघडावे. न्यायशास्त्राची एवढी वर्षे घोकंपट्टी केली, आणि आपल्याच लेकरापुढे पूर्वपक्ष न ऐकताच निकाल देऊन बसलो! ते ऋण फेडायचे म्हणून हा लेख.

तर आधी पूर्वपक्ष. आमच्या दिंडीत शास्त्र शिकविणारे एक निवृत्त मास्तर आहेत, त्यांच्या शेजारी आठ दिवस बसून आम्ही हा विषय समजून घेतला. प्राण्याच्या अंगातून मांसाचा अगदी लहानसा कण काढतात. प्राणी जिवंत राहतो, जखम भरून येते. काही ठिकाणी फलित अंड्यातूनही पेशी घेतात. पेशी म्हणजे ज्या सूक्ष्म कणांनी आपले सगळे शरीर रचलेले आहे ते कण. एकीच्या दोन, दोहोंच्या चार, अशा त्या वाढतात. त्यांना साखर, क्षार, जीवनसत्त्वे आणि प्रथिनांचे घटक असलेल्या द्रवात ठेवायचे, अंगाइतकी ऊब द्यायची, जंतूंचा वाराही लागू द्यायचा नाही. पोलादी टाक्यांत असे केले की मांस वाढते. नुसत्या पेशींचा गोळाच होतो, म्हणून त्याला आकार द्यावा लागतो. कोणी त्यांना आधाराला जाळी देतात, कोणी पेशी कालवलेला रांधा यंत्राच्या नळीतून थरावर थर सोडतात. आपल्या बायका कुरडया घालतात ना, तसेच म्हणा! त्यास ते छापलेले मांस म्हणतात. इस्रायल देशात २०२१ साली अशा रीतीने गोमांसाचा एक जाड काप छापून दाखविला. आम्ही आयुष्यभर पोथ्या छापलेल्या पाहिल्या. मांस छापतात हे ऐकून मास्तरांकडे दोनदा पाहिले की हे आमची थट्टा तर करीत नाहीत.

ही कल्पना आजची नाही. इंग्लंडचे चर्चिल यांनी १९३१ साली लिहून ठेवले होते की पन्नास वर्षांत माणूस कोंबडीचा हवा तेवढाच अवयव वेगळा वाढवून खाईल, आख्खी कोंबडी पोसण्याचा खुळेपणा करणार नाही. पन्नासाची ऐंशी-नव्वद झाली, पण बोलणे खरे ठरले. ह्याच्या मुळाशी आणखी एक माणूस आहे, त्याची हकीकत मात्र आमच्या मनाला लागली. विलेम व्हान एलेन नावाचे हे डच गृहस्थ दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या छावणीत कैदी होते. तिथे त्यांनी भूक भोगली. सुटून ॲमस्टरडॅमला शिकत असता प्रयोगशाळेत मांसाचा तुकडा शरीराबाहेर जिवंत ठेवलेला पाहिला, आणि मनात आले की हा असाच वाढविता आला तर? तोच एक ध्यास घेऊन ते म्हातारे झाले. १९९९ साली त्यांना त्या कल्पनेचे पेटंट, म्हणजे स्वामित्वाचा सरकारी दाखला, मिळाला. ५ ऑगस्ट २०१३ रोजी लंडनमध्ये मास्ट्रिक्ट विद्यापीठाचे मार्क पोस्ट यांनी असे गोमांस पहिल्यांदा लोकांसमोर शिजवून खाऊ घातले. स्नायूंचे सुमारे वीस हजार धागे एकत्र करून ती एक वडी झाली होती, आणि तिला खर्च आला अडीच लाख युरो. व्हान एलेन ते पाहायला हयात होते. २०१५ साली ते वारले. भुकेल्या माणसाच्या पोटी हा विचार जन्मला, नुसत्या चैनीतून नव्हे, एवढे आपण लक्षात ठेवावे.

पुढे डिसेंबर २०२० मध्ये सिंगापूर सरकारने अशी कोंबडी विकण्यास जगात पहिल्यांदा परवानगी दिली. जून २०२३ मध्ये अमेरिकेने दिली. आपल्याकडेही वारा आला आहेच. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेने २०१९ साली ह्यासाठी कर्जत येथे संशोधन केंद्र काढण्याचे जाहीर केले होते, आणि २०२४ च्या जानेवारीत कोचीच्या सरकारी मत्स्य संशोधन संस्थेने पापलेट, सुरमई अशा माशांचे मांस प्रयोगशाळेत वाढविण्याचे काम हाती घेतले. कर्जत आळंदीहून किती दूर आहे? तेव्हा हा प्रश्न सिंगापुरातल्या एका पोराचा राहिलेला नाही.

आता त्या पोराचा पूर्वपक्ष नीट मांडू. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात प्राणिवधाचे आठ वाटेकरी सांगितले आहेत. संमती देणारा, कापून तुकडे करणारा, प्रत्यक्ष मारणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजविणारा, वाढणारा आणि खाणारा. शास्त्रकाराने खाटकाच्या एकट्याच्या माथी पाप मारून बाकीच्यांना मोकळे सोडले नाही, ही त्याची न्यायबुद्धी. आता पोरगा म्हणतो, महाराज, इथे मारणाराच नाही. मग वाटा कशाचा? मूळच नाही तिथे फांदी कुठून? सज्जनहो, हा तर्क कच्चा नाही. वेळापूरच्या राहुटीत आम्ही कुशीवर वळलो तेव्हा ह्या तर्काकडे पाठ फिरवली होती.

उत्तर द्यायचे तर आधी वस्तुस्थिती पाहावी. मारणारा खरोखर नव्हता काय? मास्तर इथे जरा गप्प झाले आणि मग त्यांनी जे सांगितले त्याने आमच्या अंगावर काटा आला. पेशी वाढवायच्या द्रवात पुष्कळ काळ एक पदार्थ घालीत आले आहेत. गाभण गाय कत्तलखान्यात जाते, तेव्हा तिच्या पोटातल्या न जन्मलेल्या वासराच्या रक्तापासून तो काढतात. त्या रक्तजलात वाढीची शक्ती फार. लंडनची ती वडी त्यावरच वाढली होती. सिंगापुरात २०२० साली परवानगी मिळालेल्या कोंबडीच्या द्रवातही ते थोड्या प्रमाणात होते, आणि ज्यात ते मुळीच नाही अशा द्रवास तिथे परवानगी मिळाली ती २०२३ च्या जानेवारीत. म्हणजे आमच्या पोराने २०२२ साली जो घास घेतला, त्याच्या वाढीत त्या वासराचा अंश असण्याचाच संभव अधिक. कोंबडी वाचली, वासरू गेले. मित्र खोटे बोलले असे आम्ही म्हणत नाही. त्यांनाही ते कोणी सांगितले नसेल.

परंतु एवढ्यावर विजयाची टाळी वाजवून आम्ही खाली बसलो, तर तो वकिली कावा होईल. कारण आता ते रक्तजल गाळून टाकण्याकडे ह्या विद्येची चाल आहे, पुष्कळांनी ते साधलेही आहे. उद्या निर्मळ द्रवात, जिवंत प्राण्याच्या एका कणापासून मांस वाढले, तर हिंसेचा आक्षेप उरतो काय? आमचे काही कीर्तनकार बंधू म्हणतील, तरीही हिंसाच. आम्हांस तसे म्हणवत नाही. जे नाही ते आहे म्हणून धर्म राखता येत नाही. आणि हिंसेचा काटा इतका बारीक लावायचा तर तो आधी आपल्या दुधाच्या गडव्याला लावावा लागेल. गाईच्या आचळापासून वासरू ओढून बांधतो ते कोण? गोऱ्हा झाला, औताला आता बैल लागत नाही, ट्रॅक्टर आला. मग तो गोऱ्हा बाजारच्या दिवशी कुठे जातो, हे दुधावर जगणाऱ्या माळकऱ्याने स्वतःस कधी विचारले आहे काय? आम्हीही विचारले नव्हते. हा लेख लिहिता लिहिता विचारले, आणि दोन दिवस सकाळचे दूध घशाखाली सुखाने उतरले नाही. असो. तो विषय स्वतंत्र निरूपणाचा आहे.

मग माळकऱ्याने ते निर्मळ मांस खावे काय? आमचे उत्तर आहे, नाही. आणि त्याचे कारण हिंसेच्या पलीकडचे आहे.

एकादशीला आपण भाकरी खात नाही. ती खाल्ल्याने ज्वारीचा खून होतो म्हणून काय? दशमीला खातोच की! चातुर्मासात कांदा-लसूण सोडतो, त्यात कोणाचा जीव वाचतो? व्रत हे नुसते इतरांच्या प्राणाचे रक्षण नव्हे, ते आपल्या जिभेला घातलेले वेसण आहे. छांदोग्य उपनिषदात खाल्लेल्या अन्नाचे तीन भाग सांगितले आहेत. स्थूल भाग बाहेर टाकला जातो, मधल्याचे मांस होते आणि अतिसूक्ष्म भागाचे मन होते. अन्न कोठून आले हा एक प्रश्न, त्याचे मन कोणते बनणार हा दुसरा. टाकीने पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिले असेल. दुसऱ्याला ती स्पर्शही करीत नाही. हे आम्ही संस्कृताच्या वाटेने फिरून फिरून सांगतो आहोत. आमच्या दिंडीतल्या माणदेशच्या आक्कांनी ते दुसऱ्याच दिवशी पालखीमागे चालता चालता एका वाक्यात सांगितले होते. राहुटीच्या कापडातून त्यांनी सगळे ऐकले होते. म्हणाल्या, "म्हाराज, कोंबडी मेली न्हाई, ह्ये कबूल. पन जीभ मेली का त्येची?"

आणखी एक कसोटी आहे, ती खास आपली. पौर्णिमेला गोपाळपुरी काला होतो. ज्याच्या शिदोरीत जे असेल ते एकत्र कालवायचे आणि एकमेकांच्या मुखी घालायचे. कोणाच्या घरचे, कोणत्या जातीचे, विचारायचे नाही. ती शिदोरी निःशंक मनाने काल्यात पडेल अशीच असावी, हा माळेचा अर्थ आम्ही लहानपणापासून धरला. शेजारच्या म्हातारीने ह्यात काय आहे असे विचारावे आणि आम्ही तिला पेशी, टाकी, रक्तजल, परवाना असे अर्धा तास समजावून सांगावे, मग तिने तोंड उघडावे की नाही ह्याचा विचार करावा, असले अन्न काल्याचे नव्हे. त्यात पाप असो वा नसो.

मात्र हे माळकऱ्यापुरते. इथे आम्हांस अधिकारभेद मानावा लागतो, आणि लेखाचा भार खरे म्हणजे इथेच आहे. जगात दरवर्षी सात हजार कोटींहून अधिक कोंबड्या मारल्या जातात. हा आकडा मास्तरांनी सांगितला तेव्हा आम्ही त्यांना पाटीवर मांडून दाखवायला लावला. ही सगळी जनता उद्या माळ घालील, अशी आशा घेऊन आम्ही म्हातारे झालो, घातली नाही. तेव्हा त्यांच्या ताटातले मांस तसेच राहिले आणि त्यामागची सुरी तेवढी गेली, तर माळकऱ्याने नाक का मुरडावे? भूतदया म्हणजे आपल्या ताटाची सोवळेपणाची काळजी नव्हे. ज्याच्या मानेवर सुरी आहे, त्या जिवाला विचारा की त्याला काय हवे.

मांस खाणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा तिरस्कार तर आपल्या परंपरेस ठाऊकच नाही. महाभारताच्या वनपर्वात तपाची घमेंड झालेला कौशिक ब्राह्मण मिथिलेच्या बाजारात धर्मव्याधाकडे शिकायला जातो. तो व्याध मांस विकीत असे. स्वतः खात नसे. सजन कसायाच्या दुकानी तर आपला देवच मांस विकू लागला, असे संत सांगतात. आम्ही ह्या कथा कीर्तनात रंगवून सांगतो, श्रोते माना डोलावतात, आणि बाहेर पडल्यावर शेजारच्याच्या चुलीचा वास आला की नाकाला उपरणे लावतो!

इटलीने नोव्हेंबर २०२३ मध्ये ह्या मांसावर बंदी घातली. अमेरिकेत फ्लोरिडा आणि अलाबामा ह्या राज्यांनी मे २०२४ मध्ये घातली. जनावरांच्या दयेने नव्हे. गुरे पाळणाऱ्यांचा धंदा आणि जुनी खाण्याची रीत राखावी, हा हेतू. आम्ही त्यास हसणार होतो, पण आक्कांनी तिथेही अडविले. त्यांच्या दारी वीस-बावीस शेरडे आहेत. माण तालुक्याचे कोरडवाहू रान, पाऊस नाही आला तर पोराच्या शाळेचे पैसे बोकड विकूनच येतात. आक्का माळकरी, त्या मांसाला शिवत नाहीत. पण बोकड कशासाठी जातो हे त्यांना ठाऊक आहे आणि ते त्या लपवीतही नाहीत. म्हणाल्या, "समद्या जगानं कारखान्यातलं खाल्लं, तर माजी शेरडं कोन घील? आन् न्हाई घेतली तर मी ती कशापायी पाळीन?" ह्याचे उत्तर आम्हांस देता आले नाही. आजही येत नाही. सुरी गेली की बोकडही जाईल आणि आक्काचा आधारही, ही गोष्ट भूतदयेवर बोलणाऱ्याने विसरू नये.

इतर धर्मांच्या पंडितांनी ह्या प्रश्नापासून तोंड लपविले नाही. इस्रायलच्या एका मुख्य धर्मगुरूने २०२३ च्या जानेवारीत तिथल्या एका उत्पादनावर निर्णय दिला. सिंगापूरच्या मुसलमान धर्मपंडितांनी २०२४ च्या फेब्रुवारीत अटी घालून आपल्या लोकांस मार्ग सांगितला. त्यांचे निर्णय आपणांस लागू नाहीत. पण पोरांनी विचारले आणि वडिलांनी बसून उत्तर दिले, ही रीत लागू आहे. आमची फडकरी आणि दिंडीचालक मंडळींस विनंती आहे, माघ वारीला पंढरपुरात एक दुपार ह्यासाठी काढा, शास्त्र जाणणारे दोघे जवळ बसवा, आणि नव्या पोरांस बोलवा. आमचे म्हणणे तिथे खोडले गेले तरी चालेल.

आता त्या पोराचे. आम्ही त्याच्या आजोबांच्या घरी पत्र पाठविले, त्यात फक्त एवढेच लिहिले की महाराजांस तुझी क्षमा मागायची आहे. २०२४ च्या कार्तिकीला तो आला. चंद्रभागेच्या वाळवंटात बसून हे सगळे त्यास सांगितले. वासराची गोष्ट ऐकून तो बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे आठातला एक मी होतोच."

"होतास. न कळता होतास."

"मग प्रायश्चित्त?"

आम्ही ग्रंथ उघडले नाहीत. म्हणालो, "पुढच्या आषाढीला आळंदीपासून पंढरीपर्यंत पंगतीची भांडी तू घासायची." तो हसला. मग त्याने मनातले विचारले. "ते मित्र अजून मला विचारतात. त्यांना काय सांगू? खाऊ नका म्हणू?"

"जे मारून खातात त्यांना म्हण, त्यापेक्षा हे खा. पण आत काय घातलंय ते विचारून खा. आणि तू मात्र तुझी भाजी-भाकरी खा."

त्याने पुरचुंडी काढली. माळ धुवावी म्हणून आम्ही हातात घेतली, तर रुमालात राहून दोरा कुजला होता. मणी वाळूत सांडले. दोघांनी ओणवे होऊन ते वेचले. महाद्वाराकडे जाणाऱ्या वाटेवर माळा ओवणारा एक जण बसला होता, त्याच्यापुढे मणी ओतले. त्याने नवा दोरा घेतला आणि म्हणाला, अर्धा तास लागेल. आम्ही शेजारच्या पायरीवर बसलो आणि त्या टाकीत पाणी कसे गरम ठेवतात, ते पोराला विचारू लागलो.